किमान वेतन आणि ओव्हरटाइम: ठाणे-नवी मुंबईतील कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधले कारखाने, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी, भिवंडीची गोदामे, ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांतले हाउसकीपिंग, दुकाने, सोसायट्यांची गेटे... जागा वेगळ्या असल्या तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील नियमांपुरती आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाला. मात्र जुन्या कायद्याखाली जाहीर झालेले दर नवे दर येईपर्यंत चालू राहतात. म्हणून "कायदा गेला, आता दर लागू नाहीत" असे कुणी सांगितले तर ते चूक आहे.

हिशोबाच्या उदाहरणांत सगळीकडे महिना १५,६०० रुपये धरले आहेत. भागाकार सोपा जावा एवढेच त्याचे कारण आहे. हा कोणत्याही उद्योगाचा जाहीर दर नाही.

१. महाराष्ट्रात सध्या किमान वेतन किती आहे? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नाही. तुमचा आकडा चार गोष्टींवर ठरतो: उद्योग कोणता, जागा कोणत्या परिमंडळात, तुम्ही अकुशल, अर्धकुशल की कुशल, आणि सध्याची सहामाही कोणती. इंजिनिअरिंगचा दर वेगळा, दुकाने व व्यापारी आस्थापनांचा वेगळा, हॉटेलचा वेगळा. दराचे दोन तुकडे असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. दोन्हींची बेरीज म्हणजे किमान वेतन. नुसता मूळ दर पाहून "आम्हाला जास्तच मिळते" असा समज होतो, कारण मूळ दर काही वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यानंतरची महागाई भत्त्यात जमा झालेली असते.

कामगार विभागाच्या 'महाकामगार' संकेतस्थळावर उद्योगनिहाय तक्ते असतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता मागच्या सहामाहीचा किंवा भलत्याच उद्योगाचा असू शकतो, त्यावर विसंबून मालकाशी बोलायला जाऊ नका.

२. परिमंडळ म्हणजे काय? अंबरनाथ, बदलापूर कशात येतात?

बहुतेक अधिसूचनांमध्ये परिमंडळ एकमध्ये महानगरपालिका येतात, दोनमध्ये मोठ्या नगरपरिषदा आणि तीनमध्ये उरलेला भाग. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या ठाणे जिल्ह्यातल्या महानगरपालिका आहेत. पनवेलही महानगरपालिका आहे, पण रायगड जिल्ह्यात.

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा आहेत, त्यामुळे "तुम्ही दोनमध्ये" असे सांगून कमी दर लावला जातो. इथे थांबून अधिसूचना वाचा. अनेक उद्योगांच्या अधिसूचनांत महानगरपालिकेच्या हद्दीपासून २० किलोमीटरच्या आतले औद्योगिक क्षेत्रही परिमंडळ एकमध्येच धरले आहे. अंबरनाथची हद्द उल्हासनगरला लागून आहे. म्हणजे तिथल्या एमआयडीसीतला कारखाना नगरपरिषदेत असूनही पहिल्या परिमंडळाचा दर लागू शकतो. ही तरतूद प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत सारखी नाही, म्हणून आपल्याच उद्योगाची पाहावी.

आणखी एक गोष्ट. दर कामाच्या जागेचा लागतो. कंपनीचे ऑफिस शहापुरात आणि तुम्ही रोज तुर्भ्याला कामाला, तर दर नवी मुंबईचा.

३. विशेष भत्ता कधी वाढतो? जुलैचा पगार जुन्याच दराने आला.

राज्यात वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून. महागाई निर्देशांकाच्या सरासरीवरून कामगार आयुक्त तो जाहीर करतात. परिपत्रक अनेकदा तारीख उलटून गेल्यावर हाती येते, पण भत्ता लागू होतो तो १ तारखेपासूनच. जुलैचा पगार जुन्या दराने झाला असेल तर फरक पुढच्या पगारात मिळायला हवा. पगाराच्या स्लिपवर 'फरक' किंवा 'एरिअर्स' अशी वेगळी ओळ आहे का, ते बघा. ती नसेल तर फरक बहुधा दिलेलाच नाही.

४. भरतीच्या वेळी 'हेल्पर' लिहिले, पण दोन वर्षे मशीन मीच चालवतो. दर कुठला?

प्रत्यक्ष कामाचा. अधिसूचनेत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल या श्रेण्यांखाली कामे मोडतात. ऑफर लेटरवरचे पद त्या यादीपुढे दुय्यम ठरते. अर्धा दिवस मशीन आणि अर्धा दिवस माल उचलणे, अशी दोन वर्गांची कामे असतील तर जितका वेळ ज्या कामाला, तितक्या वेळाला त्या कामाचा दर. मशीन तुम्हीच चालवता हे दाखवायला जॉब कार्ड, उत्पादनाच्या नोंदी, तुमच्या सहीची शिफ्ट डायरी यांचे फोटो जपून ठेवा.

५. एका दिवसाचा आणि एका तासाचा दर कसा काढायचा?

महिन्याचे किमान वेतन भागिले २६, हा दिवसाचा दर. महिना ३० चा असो की ३१ चा, भाजक २६ च. १५,६०० ÷ २६ = ६०० रुपये. त्याला ८ ने भागले की तासाचा दर, म्हणजे ७५ रुपये. ओव्हरटाइम त्याच्या दुप्पट, तासाला १५०.

रोजंदारीवाल्यांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. काही ठेकेदार १५,६०० ला ३० ने भागून ५२० रुपये रोज लावतात आणि पैसे मात्र भरलेल्या हजेरीचेच देतात, रविवार धरत नाहीत. २६ हजेऱ्यांचे होतात १३,५२०. महिन्याला २,०८० रुपये गेले. ३० ने भागायचे तर आठवडी सुट्टीचेही पैसे द्यावे लागतील, ती सोडायची तर २६ ने भागावे लागेल. दोन्हीकडून कापता येत नाही.

६. रोज फक्त चार तास काम आहे. अर्धा पगार बरोबर ना?

अर्ध्याहून जास्त. राज्याच्या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगारासाठी रोजच्या दराला ८ ने भागून येणाऱ्या रकमेत १५ टक्के वाढ करायची असते. आपल्या उदाहरणात ७५ ऐवजी ८६.२५ रुपये तास. चार तासांचे ३४५. कार्यालयांत सकाळी झाडलोट करून जाणाऱ्या बायकांना ही वाढ मिळायलाच हवी, आणि तिच्याबद्दल त्यांना कुणी सांगत नाही.

७. घरभाडे भत्ता किमान वेतनातच धरलेला असतो का?

नाही. महाराष्ट्र कामगार किमान घरभाडे भत्ता कायदा, १९८३ प्रमाणे ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात वेतनाच्या ५ टक्के घरभाडे वेगळे द्यावे लागते. १५,६०० वर ७८०. स्लिपवर मूळ वेतन कमी दाखवून आणि त्यात 'घरभाडे' मिळवून किमान वेतनाची बेरीज जुळवलेली दिसली, तर ते कमी वेतनच आहे.

८. कागदावर किमान वेतन आहे, पण हातात त्याहून कमी येते. हे कायदेशीर आहे?

कशासाठी कापले त्यावर अवलंबून. किमान वेतन ही कपातीआधीची रक्कम आहे. कामगाराच्या वाट्याचा पीएफ (१२ टक्के, सक्तीची वेतनमर्यादा १५,००० धरल्यास १,८०० रुपये), ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा, ०.७५ टक्के) आणि व्यवसाय कर कापता येतो. १५,६०० वर, घरभाडे बाजूला ठेवून, पुरुष कामगाराच्या हातात १,८००, ११७ आणि २०० वजा जाता १३,४८३ येतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय करच नाही, तरी तो कापलेला दिसतो. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये फक्त जून आणि डिसेंबरमध्ये कापतात.

मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि त्याचा ईएसआयसीचा ३.२५ टक्के वाटा तुमच्या पगारातून काढता येत नाही. "सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) एवढा आहे, त्यातूनच दोन्ही जाणार" हे उत्तर किमान वेतनाला लागू पडत नाही. सीटीसी कितीही लिहा, मालकाचा वाटा वजा करून उरलेली रक्कम किमान वेतनाएवढी भरली पाहिजे.

९. तीन लेट मार्कला एक दिवस कापतात. गणवेशाचे, तुटफुटीचेही कापतात.

गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. मध्य रेल्वे रखडली आणि तुम्ही २० मिनिटे उशिरा पोहोचलात, तर कपात २० मिनिटांची. तीनदा २० मिनिटे म्हणजे एक तास, दिवस नव्हे.

दंड वेगळा. तो आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच, बाजू मांडायची संधी देऊन, आणि त्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. तुटफुटीची भरपाई घ्यायची तर नुकसान तुमच्याच हलगर्जीमुळे झाले हे ठरायला हवे आणि तुम्हाला बाजू मांडू द्यायला हवी. कामाला लागणारी हत्यारे आणि कच्चा माल यांचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. घेतलेली उचल कापता येते. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

१०. ओव्हरटाइम नेमका कितव्या तासापासून?

आठवड्याला ४८ तास, ही रेषा सगळीकडे सारखी आहे. रोजची रेषा बदलते. कारखान्यांसाठी जुन्या कायद्यात ९ तास होते. नव्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कामाचा दिवस ८ तासांचा आहे. दुकाने आणि कार्यालये २०१७ च्या राज्याच्या कायद्याखाली येतात. तिथे २०२५ मधल्या बदलाने रोजची मर्यादा ९ वरून १० तास झाली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच राहिले. या बदलाचा अर्थ "आता १० तास फुकट" असा लावला जातोय, तो चुकीचा आहे. सहा दिवस १० तास भरले तर ६० तास होतात, आणि वरचे १२ तास ओव्हरटाइमचे.

तासाचा भागही मोजला जातो. रोज सुटी झाल्यावर २०-२५ मिनिटे माल लावायला, गल्ला मिळवायला थांबवून ठेवत असतील तर तोही कामाचा वेळ आहे.

११. आमची ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८. ओव्हरटाइम किती धरायचा?

एक तास जेवणाचा मोकळा मिळतो असे धरू. म्हणजे रोज ११ तास, सहा दिवसांचे ६६. वरचे १८ तास ओव्हरटाइम. १८ × १५० = २,७०० रुपये आठवड्याला, नेहमीच्या पगाराखेरीज.

हिशोब बिघडतो तो तीन ठिकाणी. काही जण फक्त रोजच्या ९ तासांवरचे मोजतात: २ × ६ = १२ तास, १,८०० रुपये. आठवड्याचे ९०० गेले. काही जण १८ तास मान्य करतात, पण एकपट दराने १,३५० देतात. तिसरा प्रकार 'फिक्स ओव्हरटाइम', तास कितीही होवोत, महिन्याला दीड-दोन हजार. ठरीव रक्कम द्यायला हरकत नाही, पण ती दुप्पट दराच्या हिशोबापेक्षा कमी पडली तर फरक देणे लागतोच.

आता अवघड भाग. आठवड्यात एक खाडा झाला तर? पाच दिवस ११ तास म्हणजे ५५. आठवड्याने मोजले तर ७ तास जादा होतात. रोजच्या ९ तासांवरचे मोजले तर १०. नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे की रोजचा आणि आठवड्याचा यांतला जो हिशोब कामगाराच्या फायद्याचा, तो धरायचा. इथे १० धरायचे. आणि ८ तासांचा दिवस धरला तर १५.

जेवणाच्या तासात गेटवर बसूनच डबा खावा लागत असेल, मध्येच उठून गाडी सोडावी लागत असेल, तर ती मोकळी विश्रांती नाही. तो तास कामात धरून मागा.

१२. माझा पगार किमान वेतनापेक्षा जास्त आहे. ओव्हरटाइम किमान वेतनावर की माझ्या पगारावर?

तुमच्या नेहमीच्या वेतनदरावर. मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरायचे. बोनस आणि आधीचा ओव्हरटाइम धरायचा नाही. वेतन संहितेप्रमाणे घरभाडे, प्रवासभत्ता यांसारखे भत्ते 'वेतना'बाहेर राहतात, पण असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. २०,००० पैकी मूळ ८,००० आणि भत्ते १२,००० दाखवले असतील, तर निम्म्यावरचे २,००० वेतनात येतात आणि ओव्हरटाइमचा हिशोब १०,००० वर होतो. अर्थात आधी ते वेतन किमान दराइतके भरते का, हे पाहा. आपल्या उदाहरणात ते भरत नाही, तेव्हा मूळ तक्रार किमान वेतनाचीच.

१३. पैशांऐवजी कॉम्प ऑफ देतात. चालते का?

नाही. बदली सुट्टी ही बुडालेल्या आठवडी सुट्टीसाठी असते. जादा तासांचा मोबदला पैशांतच. रविवारी बोलावले आणि त्याऐवजी बुधवार दिला, तर सुट्टीचा प्रश्न मिटला. पण त्या आठवड्याचे तास ४८ वर गेले असतील तर ओव्हरटाइम राहतोच. दुकाने-कार्यालयांतल्या वर्षाच्या आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार) या आठवडी सुट्टीहून वेगळ्या आहेत.

१४. ओव्हरटाइमला नाही म्हणता येते?

हो. नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेनुसार कामगाराच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. भरतीच्या फॉर्मवर छापील संमती घेऊन ठेवतात, त्यामुळे सही करण्याआधी वाचा.

१५. "तिमाहीची मर्यादा संपली, आता जादा तास दाखवता येत नाहीत" म्हणून पैसे देत नाहीत.

मर्यादा मालकाने काम करून घेण्यावर आहे. दुकाने-कार्यालयांसाठी ती तीन महिन्यांत १२५ तास होती, २०२५ च्या बदलात १४४ झाली. ती ओलांडली तर नियमभंग मालकाचा, आणि केलेल्या प्रत्येक तासाचा दुप्पट मोबदला तरीही देणे आहे. मस्टरवर न दाखवता हे तास वेगळ्या वहीत लिहून रोख दिले जातात. त्या वहीच्या पानाचा फोटो हा तुमच्याजवळचा सगळ्यात भक्कम कागद ठरू शकतो.

१६. ओव्हरटाइमवर पीएफ, ईएसआयसी कापतात का?

पीएफ नाही. ईएसआयसी हो. मात्र २१,००० ची पात्रता मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरत नाहीत. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात २३,००० झाले म्हणून तुमचे ईएसआयसी कार्ड बंद होत नाही.

१७. आमचे काम नगावर आहे. भिवंडीत साच्यावर (यंत्रमागावर), उल्हासनगरात शिलाईवर. आम्हाला किमान वेतन लागू नाही असे सांगतात.

लागू आहे. नगाचा किमान दर जाहीर झालेला नसेल आणि वेळेचा दर जाहीर असेल, तर नगावरच्या कामगारालाही वेळेच्या दराहून कमी देता येत नाही. दिवसभरात नगाप्रमाणे ४८० झाले आणि त्या कामाचा रोजचा दर ६०० असेल, तर ६०० द्यायचे. सूत संपले, बीम आला नाही, वीज गेली म्हणून नग कमी झाले, हा तुमचा दोष नाही. रोजचे नग आणि मशीन बंद राहिलेला वेळ दोन्ही लिहून ठेवा.

१८. 'ट्रेनी' म्हणून तीन वर्षे ठेवले आहे, स्टायपेंड देतात.

अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली रीतसर नोंदलेला शिकाऊ उमेदवार किमान वेतनाच्या बाहेर असतो, त्याचा स्टायपेंड वेगळ्या नियमांनी ठरतो. तुमचा तसा नोंदणीकृत करार नसेल तर 'ट्रेनी' या नावाने काहीही बदलत नाही, तुम्ही कामगारच. करार क्रमांक मागा. मिळाला नाही तर प्रश्न ४ प्रमाणे कामावरून श्रेणी ठरवा.

१९. मी बँकेत सफाईचे काम करतो, भाऊ सोसायटीत वॉचमन, चुलते वाशीच्या बाजारात माथाडी. तिघांना एकच नियम?

तिघांना तीन वेगळे. बँका, विमा, रेल्वे, मोठी बंदरे आणि विमान वाहतूक ही केंद्राची बाजू आहे, आणि तिथल्या ठेकेदाराच्या कामगारांनाही केंद्राचे दर लागतात. ते राज्याच्या अनेक दरांहून बरेच वर असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून 'अ' क्षेत्रात सफाई, हमाली, बांधकामाच्या अकुशल कामाला रोज ७८३ रुपये, महिना २०,३५८ होते. केंद्राचा भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. वाशी-बेलापूरच्या बँकांत काम करणाऱ्यांना ठेकेदार राज्याचा दर लावत असेल, तर आधी हेच तपासा. तक्रार केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा 'समाधान' पोर्टलवर करायची.

वॉचमन सुरक्षा रक्षक मंडळात नोंदलेला असेल तर मंडळाचे दर. एजन्सीला १९८१ च्या कायद्यातून सूट मिळालेली असेल, तरी मंडळाच्या रक्षकांपेक्षा एकंदरीत कमी फायदे देता येत नाहीत. यातले काहीच नसेल तर किमान वेतन आणि प्रश्न ११ चा हिशोब आहेच. सोसायटी 'ना नफा' असते म्हणून १२ तास एका पगारात, हे उत्तर कायद्यात बसत नाही.

नोंदणीकृत माथाडींची मजुरी १९६९ च्या कायद्याखालच्या मंडळामार्फत येते, त्यांचा वाद तिथेच मांडावा.

२०. ठेकेदार पैसे न देता गायब झाला. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही.

संबंध आहे. ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले तर ज्या कंपनीसाठी काम केले तिने ते द्यायचे आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचे. अर्जात दोघांनाही पक्षकार करा. ठेकेदाराचे नाव नीट माहीत नसते, म्हणून गेटपासवर, आयकार्डवर, पीएफच्या पासबुकात कोणाचे नाव छापले आहे ते आजच टिपून ठेवा. ठेका बदलताना जुन्या ठेकेदाराकडचा हिशोब सगळ्यात जास्त बुडतो. नव्या ठेकेदाराच्या कागदावर सही करण्याआधी जुन्याची थकबाकी लेखी मागा.

२१. अतिवृष्टीत कसेबसे पोहोचलो, दुपारी घरी पाठवले. अर्धा दिवस कापला.

रोजच्या दरावरचा कामगार कामाला हजर होता, करायला तयार होता आणि मालकाने पूर्ण वेळ काम दिले नाही, तर पूर्ण दिवसाचे वेतन. तुम्ही स्वतःहून निघालात तर मात्र नाही. म्हणून "लवकर सोडले" असा मेसेज ग्रुपवर आला असेल तर तो जपा.

२२. "कमी पगार मान्य आहे" यावर सही केली आहे. आता काही करता येईल?

येईल. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो.

याच्याच जोडीला आणखी एक प्रकार चालतो: बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि त्यातले तीन-चार हजार रोख परत घ्यायचे. काही ठिकाणी एटीएम कार्डच मुकादमाकडे असते. हा गुन्हा उघड करणे अवघड, पण अशक्य नाही. दर महिन्याला पगार जमा होताच एकाच एटीएममधून सगळ्या कामगारांची सारखीच रक्कम निघालेली दिसते, आणि दहा जणांची स्टेटमेंट शेजारी ठेवली की नमुना दिसतो. कार्ड आणि पिन परत घ्या, पैसे मागणारा मेसेज किंवा कॉल जपून ठेवा.

२३. माझ्याकडे स्लिप नाही, मस्टर बघू देत नाहीत. पुरावा कुठून आणू?

पगाराची स्लिप देणे आणि नोंदी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पूर्ण वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावर. तरी स्वतःची नोंद ठेवाच: साध्या वहीत तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, जेवणाची सुट्टी, त्या दिवशीचे काम. रोजच्या रोज लिहिलेली वही आठवून लिहिलेल्या तक्त्यापेक्षा जास्त टिकते. सोबत पासबुक, पंचिंग मशीनच्या पडद्याचा फोटो, ड्युटी लावणारे मेसेज, कंपनीच्या बसची नोंद, शिफ्टचा तक्ता.

२४. तक्रार कुठे करायची? मी खारघरला राहतो, काम रबाळ्याला.

कामाची जागा ज्या जिल्ह्यात, तिथल्या कामगार कार्यालयात. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल, उलवे रायगडमध्ये. पत्ता 'नवी मुंबई' असला म्हणून कार्यालय एकच असे नाही, आणि चुकीच्या कार्यालयातला अर्ज आठवडे अडकतो. तुमचे काम रबाळ्याला, म्हणून ठाणे. कारखान्यातले कामाचे तास आणि सुरक्षितता यांची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करता येते.

अर्ज स्वतः, नोंदणीकृत युनियनमार्फत किंवा निरीक्षकामार्फत करता येतो. अर्जात मालक आणि ठेकेदाराचे नाव-पत्ता, कामाची जागा, श्रेणी, कामावर लागल्याची तारीख लिहा आणि महिनावार तक्ता जोडा: देय किती, मिळाले किती, फरक किती. ओव्हरटाइमचा तक्ता वेगळा. "पगार कमी देतात" एवढेच लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

२५. किती मागचे मागता येते आणि किती मिळते?

वेतन संहितेप्रमाणे दाव्याची मुदत तीन वर्षे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती, म्हणून नोव्हेंबर २०२५ आधीची थकबाकी असेल तर एक दिवसही घालवू नका. फरकाच्या रकमेखेरीज दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा, दहापट आपोआप मिळत नाही. कमी वेतन देणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

२६. तक्रार केली तर काढून टाकतील. मग?

भीती खरी आहे, म्हणून एकट्याने जाऊ नका. एकाच मालकाकडचे अनेक कामगार एकत्र अर्ज करू शकतात, युनियनही करू शकते. अर्ज देण्याआधी प्रश्न २३ मधले कागद घरी सुरक्षित ठेवा, कारण काढल्यावर गेटच्या आत जाता येत नाही. काढलेच तर कोऱ्या कागदावर किंवा 'राजीनामा' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. कामावर घ्या असे पत्र लगेच रजिस्टर पोस्टाने पाठवा. सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. तो घेतला तरी पावतीवर सही करताना "फरकाची रक्कम बाकी, हक्क राखून" असे स्वतःच्या अक्षरात लिहा. काढल्याचा वाद वेगळा चालतो, त्याने वेतनाचा दावा थांबत नाही.

२७. मी सुपरवायझर आहे. मला यातले काय लागू?

किमान वेतन आणि वेळेवर पगार हे पूर्ण लागू. वेतन संहितेत व्यवस्थापकही 'कर्मचारी' आहे. ओव्हरटाइमला मात्र अडचण येते. व्यवसाय सुरक्षा संहितेत व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८,००० रुपयांवर वेतन असलेले पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येबाहेर राहतात. पण नाव सुपरवायझर आणि दिवसभर स्वतः पॅकिंग करत असाल, कुणाची रजा मंजूर करत नसाल, कुणाला ताकीद देत नसाल, तर तुम्ही कामगारच आहात. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे कामाच्या नोंदी ठेवा आणि दावा करा.